पाताळ्याचे रिकामे फुगे

१

पडदा सरकला, टाळ्या पडल्या, आणि त्या टाळ्यांमधले दोन हात तेवढे मध्येच थांबले.

ते हात रंजिताचे. मोहाडीची रंजिता, वय पंचेचाळिशीच्या आसपास, अंगावर घरच्याच दुकानातली कोशाच्या रेशमाची साडी आणि मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत 'पाताळ्या' या चित्रकथेचे निघाले तेवढे सगळे अंक. भंडाऱ्याच्या एका मंगल कार्यालयात कॉमिक मेळावा भरला होता, आणि तिथल्या गर्दीत पाताळ्या कोण हे ठाऊक असणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच होती. बाकी सगळी पोरं. पाठीला टॉवेल बांधलेली, पुठ्ठ्याचे मुखवटे लावलेली, एकमेकांचे फोटो काढण्यात गुंग. एका पोरीनं रंजिताला विचारलंही होतं, "आंटी, तुम्ही कोण बनून आल्या?"

एरवी नवरा-नवरीचा सोफा असतो त्या मंचावर आज काचेच्या चौकटीत एक जुनं पान उभं होतं. पाताळ्याच्या शेवटच्या, कधीच न छापलेल्या अंकाचं शेवटचं पान. पाताळ्या म्हणजे अंधारातही ज्याला दिसतं असा खाणकामगार. अडतिसाव्या अंकात खाणीच्या तोंडाशी दरड कोसळली, वरच्या तलावाचं पाणी आत शिरलं, पाताळ्या तळाशी अडकला, आणि खाली छापलं होतं, 'शेवट पुढच्या अंकात.' पुढचा अंक आलाच नाही. तेव्हा रंजिता सातवीत होती. महिन्याच्या महिन्याला तुमसरहून अंक आणून देणारे वडील पुढे गेले, भाऊ पुण्याला गेला, गेल्या वर्षी आईही गेली. पाताळ्या मात्र अजून तिथंच, पाण्यात उभा होता.

आणि पानावर तो तसाच होता. पाठमोरा, गुडघाभर पाण्यात, मान वर केलेला. खूप उंचावर उजेडाचा एक ठिपका. चित्रातलं माणूस बोलतं ते ज्या गोलात लिहितात त्याला त्या धंद्यात फुगा म्हणतात. पानावर असे दोन फुगे होते. एकाचं शेपूट पाताळ्याच्या तोंडाशी आलेलं. दुसऱ्याचं शेपूट वर, थेट पानाच्या बाहेर गेलेलं, म्हणजे न दिसणाऱ्या कोणाकडे तरी. तो मेला की जगला, वर कोण होतं, सगळं त्या दोन फुग्यांत असणार होतं.

दोन्ही फुगे कोरे होते.

"शब्द कुठं गेले?" रंजिताच्या तोंडून निघून गेलं. तिला वाटलं आपण मनात म्हणालो, पण पहिल्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

पहिल्या रांगेत भय्याजी बसले होते. पाताळ्याचे लेखक, पांढराशुभ्र झब्बा, गळ्यात स्वागताचा हार. त्यांनी मागे वळून रंजिताकडे पाहिलं, मग पानाकडे, आणि काठी टेकत उभे राहिले.

"चोरी झाली," ते म्हणाले. "माझे शब्द कोणीतरी चोरले."

२

मेळावा भरवणारा वीरेंद्र हा तिशीतला पोरगा. नोकरी नागपुरात, जीव कॉमिकमध्ये. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. माइकवर 'जेवणाची सुट्टी' एवढं सांगून त्यानं भय्याजींना मंचामागच्या 'वधूपक्ष' असं दारावर लिहिलेल्या खोलीत नेलं, आणि जाता जाता रंजितालाही खूण केली.

"ताई, तुम्हालाच पहिल्यांदा कळलं. अन् सगळे अंक पाठ असणारं दुसरं कोणी इथं दिसत नाही मले," तो म्हणाला. "पोलीस बोलावले तं मेळाव्याची वाट लागून जाईन. सत्कार चार वाजता हाये. तेवढ्यात काही समजते का पाहा न."

रंजितानं मान हलवली. तिला कोणी कधी काही शोधायला सांगितलं नव्हतं. साडीतला दोष तेवढा ती लांबून ओळखायची.

भय्याजींसमोर ती बसली तेव्हा तिला सकाळ आठवली. रांगेत उभं राहून ती त्यांच्यापर्यंत पोचली होती. जे विचारायचं ते बसमध्ये मनाशी घोकत आली होती. भय्याजींनी वर न बघता अंक ओढला, 'शुभेच्छा' लिहिलं, खाली सही केली, आणि "पुढे," म्हणाले. इतकी वर्षं ज्याच्याशी मनात बोललो त्या माणसाला आपला चेहराही दिसला नाही, हे तिला सकाळी फार लागलं होतं. अजूनही लागत होतं.

"हे पान काल कोणी पाहिलं होतं?" तिनं विचारलं.

"मीच. खेमराजच्या पेटीतून वीरेंद्रनं बंद पाकीट काढलं. मी म्हटलं, शेवट आधी कोणी बघायचा नाही. सगळ्यांना बाहेर काढलं, स्वतःच्या हातानं पान चौकटीत बसवलं, वर कापड टाकलं."

"तवा शब्द होते?"

"होते म्हणजे? माझ्या डोळ्यांनी वाचले."

"काय होते जी?"

भय्याजींनी हारातली एक पाकळी खुडून तिची गोळी केली. "ते असं तोंडी सांगण्यात अर्थ नाही. शब्द त्या जागेवरच शोभतात," ते म्हणाले. "तुम्ही खेमराजला विचारा. अंक बंद पडला तो त्याच्यामुळे. चित्रं कधी वेळेवर दिली नाहीत. त्याला माझा शेवट नकोच होता."

वीरेंद्रनं बाहेर आल्यावर रंजिताच्या कानात सांगितलं की आज सकाळी चित्रकार खेमराज बराच वेळ त्या झाकलेल्या चौकटीजवळ एकटेच बसले होते. आणि त्यांच्या खिशात ब्लेड असते.

३

खेमराज मागच्या पायरीवर, पाण्याच्या टाकीजवळ बसून घरून आणलेला डबा खात होते. सिहोऱ्याचे शेतकरी, सत्तरीचे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आत जेवणाची पंगत होती, पण ते तिकडे गेले नव्हते. रंजिता शेजारी बसली तेव्हा त्यांनी न विचारता अर्धी भाकर तिच्यापुढे केली.

"ब्लेड?" त्यांनी खिशातून काढून दाखवली. "पेन्सिल सोलाले. सवय हाये. पेन्सिल मातर नाही आता माह्याजवळ."

"आता काही काढत नाही तुम्ही?"

"पोळ्याले बैलाची शिंगं रंगवतो. तेवढाच कुंचला."

मग हळूहळू ते बोलू लागले. चित्रकथा करायची त्यांची एक रीत होती. ते शेवटचं पान सगळ्यात आधी काढायचे. जिथं पोचायचं ते ठिकाण डोळ्यापुढे असलं की मागची वाट सापडते, म्हणत. त्या वेळीही भय्याजींनी एवढंच सांगितलं होतं की पाताळ्या पाण्यात उभा काढ, दोन फुगे सोड, शब्द मी शोभाले देतो. खेमराजनी पान काढून मोहाडीला शोभाताईकडे पाठवलं. काही महिन्यांनी ते पेपरात गुंडाळून, सुतळी बांधून परत आलं. सोबत निरोप, अंक बंद.

"उघडून पाहिलं नाही?"

"नाही. राग होता मले. भय्या साऱ्या नागपुरात सांगत फिरून राहिला होता का खेमराजच्या चित्रानं अंक बुडवला. तसाच गठ्ठा पेटीत टाकला, बाकीच्या पानांत. आता वीरेंद्र आला तवा पेटी उघडली तं वरच्या पेपराची पार चाळणी. म्याच दुसऱ्या पाकिटात घालून देल्लं, डोळ्यानं तं दिसत नाही. धान पेरलं, धान कापलं. इतक्या सालात कोणी आलं नाही इचाराले."

"शोभाताई कोण?"

"अक्षरं काढे ते. फुग्यातले सारे शब्द तिच्याच हातचे. नाव छापत नव्हते तिचं."

रंजिताला धक्काच बसला. अडतीस अंक तिनं वाचले होते, पाठ केले होते, आणि ते शब्द कोणाच्या तरी हातानं लिहिले असतील असं तिच्या मनातही आलं नव्हतं. ते तर पाताळ्याच बोलत होता.

ती व्हरांड्यात गेली. तिथं टेबलांवर त्याच पेटीतली जुनी पानं मांडून ठेवली होती. पोरं त्यांच्याकडे बघतही नव्हती. रंजितानं एकेक पान डोळ्याजवळ धरून पाहिलं. शब्द पानावर लिहिलेले नव्हते. पातळ कागदाच्या पट्टीवर लिहून, पट्टी फुग्यात चिकटवली होती, म्हणजे लिहिताना चूक झाली तरी चित्र वाया जाऊ नये. जुनेपणानं काही पट्ट्यांची टोकं उचलली होती, काही गळून गेल्या होत्या. प्रत्येक फुग्याच्या कडेनं कागदाला बारीक बारीक टोचे होते. जिथली पट्टीच पडली होती तिथं तर कागदाची जाळी झाली होती.

हे टोचे तिच्या ओळखीचे होते. पण कुठले, हे आठवायच्या आत वीरेंद्र धावत आला.

"ताई, चला लवकर," तो म्हणाला. "चोर सापडली."

४

'वधूपक्ष'मध्ये आरशासमोरच्या स्टुलावर एक म्हातारी बाई बसली होती. साधी सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा. रंजितानं तिला लगेच ओळखलं. सकाळी मोहाडीहून बसमध्ये ती शेजारीच बसली होती. मोहाडीच्या बाजारात येता-जाता तिला कितीदा पाहिलं असेल. दोघी भंडाऱ्यापर्यंत खांद्याला खांदा लावून आल्या, आणि एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत.

"ह्याच शोभाताई," वीरेंद्र म्हणाला. "सकाळी यांनी मंचावर जाऊन चौकटीवरचं कापड उचललं होतं. आपल्या चहावाल्यानं पाहिलं. अन् यांच्या पिशवीत हे पाहा."

टेबलावर एक स्टीलची डबी होती, एक टाक आणि शाईची दौत. डबीत पांढरट, दाट काहीतरी. रंजितानं बोट लावून पाहिलं. तांदळाची खळ. तिच्या वडिलांच्या मागावर ताण्याला हीच खळ लावायचे. लहानपणी घरभर तिचा आंबूस वास असायचा.

"चहाची टाकी चौकटीच्या खालीच ठेवली होती," वीरेंद्रनं आपलं गणित मांडलं. "वाफेनं खळ सुटते. यांनी चिकटवलेलं, यांनाच माहीत कसं निघते ते. मागची खिटी उघडली, पट्ट्या काढल्या, झालं. जुन्या अक्षरांचे शौकीन आहेत ताई, पैसे देणारे."

दारात भय्याजी येऊन उभे राहिले होते. त्यांच्या मागे खेमराज. तिघं एका खोलीत येण्याची ही कित्येक वर्षांतली पहिलीच वेळ, आणि कोणी कोणाला रामराम केला नाही.

"शोभाताई," रंजितानं विचारलं, "तुम्ही काढले का जी ते शब्द?"

"नाही."

"मंग पानावर काय लिवलं होतं?"

म्हातारीनं एकदा भय्याजींकडे पाहिलं. तिचा डावा हात पदराच्या गाठीवर होता आणि तो तिथून हलत नव्हता. "माह्याकडं आलं तेवढं म्या लिवलं," ती म्हणाली. "आलं नाही ते नाही लिवलं."

यापुढे ती बोलेना. वीरेंद्रनं दोनदा विचारलं, दटावून विचारलं. ती आरशात स्वतःकडे बघत बसली. शेवटी त्यानं खिशातून फोन काढला. "मले वाईट वाटते, पण पोलिसांशिवाय हे सुटणार नाही," तो म्हणाला. "यांचं नाव सांगावं लागेन."

"सांगा," भय्याजी म्हणाले. पण शोभाताईकडे पाहिलं नाही.

रंजिता त्या डबीकडे बघत होती. खळ, खळेची साडी, आईची लोखंडी पेटी. आणि एकदम तिला ते टोचे कुठं पाहिले होते ते आठवलं. खरं सांगितलं तर ही म्हातारी सुटणार होती, पण ज्या माणसाला भेटायला ती जन्मभर वाट बघत थांबली होती, तो बुडणार होता.

बाहेर कोणीतरी माइक तपासत होतं.

"फोन ठेवा," रंजिता शेवटी म्हणाली. "अन् ते पान इथं आणा."

५

पान टेबलावर आलं. रंजितानं व्हरांड्यातली दोन जुनी पानंही आणून शेजारी ठेवली.

"आधी ही डबी घ्या," ती वीरेंद्रला म्हणाली. "खळ चिकटवाले लागते, काढाले नाही. चोरी कराले येणारा माणूस खळ कायले आणन? अन् वाफेनं आज पट्टी सुटली असती तं खालचा कागद भिजला असता, फुगला असता. हा पाहा. कोराकरकरीत."

"मंग कधीतरी आधी काढले असतील," वीरेंद्र म्हणाला.

"भय्याजींनी तर काल वाचले."

वीरेंद्रनं भय्याजींकडे पाहिलं.

"आमच्या घरी साडी विकतात," रंजिता म्हणाली. "कोरी साडी वर्षभर पेटीत ठेवाची असली तं आई आधी ते धुवून खळ काढे. खळ म्हणजे भातच. खळेची साडी तशीच ठेवली का तिले कसर लागते, तो बारीक किडा. मी एकदा विसरली होती. पेटी उघडली तं साडीभर असेच टोचे होते." तिनं जुन्या पानावरच्या फुग्याभोवती बोट फिरवलं. "शोभाताई पट्ट्या खळेनं चिकटवत. म्हणून या पानांवर जिथं खळ, तिथं कसर. पट्टी पडली तरी खळ कागदात राहते, म्हणून तिथं तं पार जाळी झाली. आता हे शेवटचं पान पाहा. हे त्याच पेटीत होतं. तेवढीच सालं होतं. खेमराजकाका म्हणते, वरच्या पेपराची चाळणी झाली होती, म्हणजे कसर आतपर्यंत गेली. अन् या दोन फुग्यांवर एक टोचा नाही."

खेमराज पुढे झाले. डोळ्यानं दिसत नव्हतं म्हणून त्यांनी बोटांनी पाहिलं. आधी जुनं पान, मग हे शेवटचं. बोटं त्या कोऱ्या गोलावर पुन्हा पुन्हा फिरली.

"याले खळ लागलीच नाही," ते म्हणाले.

"हाव. शब्द चोरीले गेले नाही," रंजिता म्हणाली. "शब्द कधी आलेच नाही. अन् जे नव्हतं ते काल कोणी वाचलं असं म्हणत असन, तं..."

भय्याजी खुर्चीवर बसले होते आणि गळ्यातला हार काढायचा प्रयत्न करत होते. तो काठीत अडकला होता.

"सुचलं नाही मले," ते म्हणाले. इतका वेळची त्यांची घडीची भाषा सुटली होती. "फार खोल गाडला त्याले. वरून पाणी, खालून पाणी, बाहेर निघाची वाट ठेवलीच नाही. म्हटलं सुचन उद्या, सुचन परवा. मालक तगादा लावून राहिला. मी म्हटलं लिवून झालं, चित्रं यायची हायेत. मंग तेच सांगत राहिलो. लोक भेटले का विचारत, शेवट काय होता? मी हसून म्हणे, गुपित हाये. लोकाईले वाटे, काय मोठा शेवट असन." त्यांनी पानाकडे पाहिलं. "पान हरवलं असं समजत होतो. वीरेंद्रले ते सापडलं, पोस्टर छापले. काल पाकीट उघडलं तवा मनात होतं, शोभानं आपल्या मनानं काही लिवलं असन. पान कोरंच निघालं. रात्रभर बसलो. दोन ओळी सुचल्या नाही. सकाळी ही बाई बोलली का शब्द कुठं गेले, अन् मले वाटलं, सुटलो."

रंजिताचा चेहरा उतरला. वाट तिनंच दाखवली होती तर.

खेमराज भिंतीला टेकून उभे होते. ते ओरडतील असं वीरेंद्रला वाटलं, तो मध्ये जायला तयारही झाला. पण ते नुसते म्हणाले, "एक डाव सिहोऱ्याले येऊन म्हटला असता, खेमराज, सुचून नाही राहिलं. तिघं बसलो असतो. काही तं काढलं असतं."

भय्याजींनी मान खाली घातली.

"अन् शोभाताई, तुम्हाले सारं माहीत होतं," वीरेंद्र ओशाळून म्हणाला. "इतकी सालं बोलल्या काहून नाही?"

शोभाताईनं डबीला झाकण लावलं, टाक पुसून पिशवीत ठेवला.

"मले कोणी इचारलं नाही," ती म्हणाली.

६

चार वाजता भय्याजी मंचावर गेले आणि माइकसमोर म्हणाले की चोरी झालेली नाही, शेवट लिहिलेलाच नव्हता, आणि त्याचा दोष खेमराजवर त्यांनी खोटा ढकलला. सांगायला फार धीर लागला असणार. खाली बसलेल्या पोरांना त्यातलं काही समजलं नाही. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मुखवट्यांच्या स्पर्धेचा निकाल कधी लागणार म्हणून विचारलं. खेमराज तोपर्यंत तुमसरच्या बसनं निघून गेले होते. जाताना ब्लेड मात्र त्यांनी टेबलावर भय्याजींसमोर ठेवली होती, आणि म्हणाले होते, पेन्सिल घेऊन ये कधी.

रंजिता आणि शोभाताई मोहाडीच्या बसमध्ये शेजारी शेजारी बसल्या. वरठी मागे पडली. पिशवीतले अंक रंजिताला सकाळपेक्षा जड वाटत होते. शेवट कळेल म्हणून ती गेली होती, आणि शेवट नव्हताच. हे कोणाला जाऊन सांगावं असं घरी कोणी नव्हतं.

"मावशी," ती एकदम म्हणाली, "एक विचारू? खळ कायले आणली होती?"

शोभाताईनं पदराची गाठ सोडली. आत घडी केलेल्या रुमालात पातळ कागदाची एक पट्टी होती, कडा पिवळ्या पडलेल्या. तिच्यावर तीच अक्षरं होती, ज्यांना रंजिता जन्मभर पाताळ्याचा आवाज समजत आली होती.

*वर कोणी आहे का?*

"त्याच साली लिवली म्या," शोभाताई म्हणाली. "त्याचे शब्द आले नाही तं म्हटलं, हा बापडा इथं उभा हाये, काय म्हणन? हेच म्हणन न. मंग म्हटलं, आपल्याले कोणी सांगतलं? आपण अक्षरं काढणारी. ठेवून देली. परत पाठवलं पान."

"मंग आज चिकटवली काहून नाही? कापड तं उचललं होतं तुम्ही."

"एकच हाये न," ती म्हणाली. "खेमराजनं दोन फुगे काढले. वरून काय जवाब येते, ते मले कधी सुचलं नाही. नुसता सवाल चिकटवून काय करू? त्यापरीस कोरं बरं. अन् मंग ती बोंब झाली. हे पट्टी दाखवली असती तं सारे म्हणाले असते, पाहा, हेच चोरलं."

रंजितानं पट्टी हातात धरली. बसचे धक्के बसत होते म्हणून जपून धरली. तिनं लहानपणी या पानासाठी किती शेवट रचले होते. त्यांत भूकंप होते, भुयारं होती, जादूचे दिवे होते. वरून कोणी बोलावं हे तिलाही कधी सुचलं नव्हतं, कारण वर कोणी असेल असं तिला वाटलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

"लय चांगलं लिवलं मावशी," ती म्हणाली. "एवढंच म्हणणार तो."

शोभाताईनं मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिली. धानाच्या कापलेल्या बांध्यांवर, त्या चौकोनी शेतांवर, अंधार उतरत होता.

मोहाडी आली. थांब्यावरचा दिवा गेला होता. रंजिता आधी उतरली, पिशवी खाली ठेवली. मागे शोभाताई दाराच्या दांडीला धरून उभी राहिली. चष्म्यातून तिला पायरी दिसत नव्हती, एक पाय पुढे करून ती हवेतच चाचपत होती. कंडक्टर घाई करत होता.

"खाली कोणी हाये का?" तिनं विचारलं.

रंजितानं दोन्ही हात वर केले.

"हाव मावशी," ती म्हणाली. "मी आहो न. धरा."